एका रेषेवर अंतर ठरवू नये

गॅमा किरण स्फोटाची, म्हणजे दूरच्या दीर्घिकेतून अचानक येणाऱ्या गॅमा किरणांच्या प्रखर लोटाची, बातमी वर्तमानपत्रात येते तेव्हा तिच्यात दोन आकडे हमखास असतात: स्फोट किती अब्ज प्रकाशवर्षे दूर झाला आणि त्यातून किती अचाट ऊर्जा बाहेर पडली. यांतला दुसरा आकडा सर्वस्वी पहिल्यावर अवलंबून असतो आणि पहिला आकडा गॅमा किरणांतून मिळतच नाही, हे मात्र बातमीत सहसा नसते. उपग्रहावरचा शोधक स्फोट कोणत्या दिशेला झाला, किती सेकंद टिकला आणि आपल्यापर्यंत त्याची किती ऊर्जा पोहोचली, एवढेच सांगतो. अंतरासाठी प्रकाशाचा वर्णपट, म्हणजे तरंगलांबीनुसार उलगडलेला प्रकाश, घ्यावा लागतो, आणि पुष्कळदा तो वर्णपट स्फोटाचा नसतो, तर स्फोट ज्या दीर्घिकेत झाला त्या यजमान दीर्घिकेचा असतो. मी नाशिकमध्ये पदव्युत्तर वर्गाला भौतिकशास्त्र शिकवतो आणि मोठ्या वेधशाळांनी सर्वांसाठी खुले केलेले असे वर्णपट उतरवून घेऊन विद्यार्थ्यांबरोबर त्यांचे वाचन करण्याचा उद्योग गेली काही वर्षे करत आलो आहे. स्फोट विझून गेल्यावर, कोणाचेही लक्ष नसताना केलेल्या या दुसऱ्या निरीक्षणावर पहिल्या निरीक्षणाचा अर्थ किती टेकलेला असतो, हे या लेखात मांडायचे आहे.

अंतराचा प्रश्न किती वर्षे अडून बसला होता हे आज सांगितले तर विद्यार्थ्यांना खरे वाटत नाही. अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी पहिला स्फोट २ जुलै १९६७ रोजी नोंदवला. चोरून केलेल्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी सोडलेल्या या उपग्रहांच्या नोंदी १९७३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. १९९१ मध्ये सोडलेल्या कॉम्पटन वेधशाळेवरील बॅट्सी या उपकरणाने पुढच्या नऊ वर्षांत २,७०४ स्फोट टिपले आणि ते आकाशात सगळीकडे सारखे विखुरलेले आहेत असे दिसले. आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यात ते गोळा झालेले नसल्याने ते फार दूरचे असावेत, असे बोहदान पाचिन्स्की म्हणत होते, तर ते आकाशगंगेभोवतीच्या विशाल प्रभामंडलातलेही असू शकतात, अशी डोनाल्ड लॅम्ब यांची बाजू होती. १९९५ मध्ये वॉशिंग्टनला या दोघांचा जाहीर वाद झाला. ज्या गोष्टीच्या अंतराबद्दल एक पक्ष लाखो प्रकाशवर्षे म्हणतो आणि दुसरा अब्जावधी, तिच्या ऊर्जेबद्दल काय बोलणार? दिशा माहीत होती, पण ती इतकी ढोबळ की त्या तुकड्यात हजारो दीर्घिका बसाव्यात.

कोंडी फुटली ती २८ फेब्रुवारी १९९७ रोजी. इटली आणि नेदरलँड्स यांच्या बेपोसॅक्स उपग्रहाने जीआरबी ९७०२२८ (नावातले आकडे म्हणजे स्फोटाचे वर्ष, महिना, दिवस) या स्फोटाच्या मागे रेंगाळणारी क्ष-किरणांतली चमक पकडली, तिची जागा बऱ्याच अचूकपणे कळवली आणि ला पाल्मा बेटावरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीतून यान फान पाराडाइस यांच्या गटाला तिथे मंद होत जाणारा प्रकाशबिंदू सापडला. या मागच्या चमकेला आफ्टरग्लो म्हणतात आणि मीही तोच शब्द वापरतो. गंमत अशी की ज्या स्फोटाने दार उघडले त्याचे अंतर लगेच कळले नाही. आफ्टरग्लो विझल्यावर त्या जागी उरलेल्या फिकट दीर्घिकेचा वर्णपट हवाईतील केक दुर्बिणीतून घ्यावा लागला. त्यातल्या ऑक्सिजनच्या रेषांवरून, म्हणजे त्या मूलद्रव्याच्या ठरावीक तरंगलांबींना उमटणाऱ्या खुणांवरून, ताम्रसृती ०.६९५ निघाली (विश्वाच्या प्रसरणामुळे तरंगलांबी मूळच्या तुलनेत किती वाढली याचे हे माप; ते जितके मोठे तितके अंतर जास्त) आणि त्यावरचा सविस्तर निबंध २००१ मध्ये आला. तोपर्यंत पहिल्यांदा अंतर कळल्याचा मान दुसऱ्याच स्फोटाने पटकावला होता. मे १९९७ मधल्या जीआरबी ९७०५०८ च्या आफ्टरग्लोचा वर्णपट केक दुर्बिणीतून तीनच दिवसांत घेतला गेला आणि त्यात लोह व मॅग्नेशियम यांच्या शोषण रेषा ०.८३५ इतक्या ताम्रसृतीला सापडल्या. मॅग्नेशियमच्या २७९.६ आणि २८०.३ नॅनोमीटरच्या, म्हणजे अतिनील पट्ट्यातल्या रेषा तिथे सुमारे ५१३ आणि ५१४ नॅनोमीटरला, हिरव्या रंगात उतरल्या होत्या. वाद संपला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमधल्या जीआरबी ९७१२१४ चा उल्लेख महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी जास्त आपुलकीचा आहे, कारण त्या कामाचे प्रमुख श्रीनिवास कुलकर्णी हे कुरुंदवाडचे. आफ्टरग्लो ओसरल्यावर तिथे पंचवीसहून अधिक प्रतीची, म्हणजे अतिशय अंधुक, दीर्घिका उरली होती (प्रतीचा आकडा जितका मोठा तितके तेज कमी). तिच्या वर्णपटात हायड्रोजनची लायमन-अल्फा रेषा, जी मूळची १२१.६ नॅनोमीटरची, सुमारे ५३७ नॅनोमीटरला सापडली, म्हणजे ताम्रसृती ३.४२. तो प्रकाश निघून सुमारे बारा अब्ज वर्षे झाली होती. ऊर्जा सगळ्या दिशांना सारखी फेकली गेली असे धरले तर आकडा इतका मोठा येत होता की सिद्धांतकारांनाच अवघडल्यासारखे झाले. स्फोटाची ऊर्जा अरुंद झोतांत कोंडलेली असते आणि म्हणून खरी ऊर्जा त्याहून शेकडोपट कमी असते, हे पुढच्या काही वर्षांत स्पष्ट होत गेले. पण ती अडचण उभी राहिली तीच मुळी एका अंधुक दीर्घिकेच्या वर्णपटामुळे.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण बातम्यांत तो पुसला जातो. आफ्टरग्लोच्या वर्णपटात दिसतात त्या शोषण रेषा: स्फोटाचा प्रखर प्रकाश वाटेतल्या वायूतून येताना ठरावीक तरंगलांबींवर खाल्ला जातो. अशी रेष एवढेच निश्चित सांगते की स्फोट त्या वायूच्या पलीकडे आहे, म्हणजे ती अंतराची खालची मर्यादा असते. जीआरबी ९७०५०८ च्या बाबतीतही सुरुवातीला ‘किमान ०.८३५’ असेच म्हटले गेले, आणि नंतर यजमान दीर्घिकेतून आलेली ऑक्सिजनची उत्सर्जन रेष त्याच ताम्रसृतीला मिळाली तेव्हा ‘किमान’ हा शब्द गळून पडला. काही वर्णपटांत लोह आणि निकेल यांच्या अशा उत्तेजित अवस्थांच्या रेषा मिळतात, ज्या स्फोटाच्याच अतिनील प्रकाशाने अणू चेतवले गेल्याशिवाय उमटत नाहीत. तशा रेषा मिळाल्या की वायू स्फोटाच्याच दीर्घिकेतला आहे याची खात्री पटते. २००६ मधल्या जीआरबी ०६०४१८ च्या वर्णपटातून हा वायू स्फोटापासून सुमारे १.७ किलोपार्सेक, म्हणजे साडेपाच हजार प्रकाशवर्षे, दूर असल्याचेही काढता आले होते. यजमान दीर्घिकेच्या उत्सर्जन रेषांची गोष्ट वेगळी आहे. त्या दीर्घिकेची ताम्रसृती नेमकी सांगतात, पण स्फोट त्याच दीर्घिकेत झाला होता की नाही याबद्दल स्वतःहून काहीच बोलत नाहीत. ते आकाशातल्या जागेवरून ठरवावे लागते आणि तिथेच पाय घसरतो. त्याचे एक उदाहरण पुढे येईल.

प्रत्यक्ष निरीक्षणाकडे वळू. यजमान दीर्घिकेचा वर्णपट घेण्यासाठी आधी थांबावे लागते. आफ्टरग्लो पूर्ण मावळायला आठवडे, आणि त्यामागून अधिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन उजळलेला तारा, दिसू लागला असेल तर महिने जातात. त्याआधी घेतलेल्या वर्णपटात कोणता प्रकाश कोणाचा हे सुटे करता येत नाही. मग तीच जागा पुन्हा शोधायची. चोवीस-पंचवीस प्रतीची दीर्घिका दुर्बिणीच्या मार्गदर्शक कॅमेऱ्यात बहुधा दिसतच नाही, म्हणून जवळच्या एखाद्या ठळक ताऱ्यावर दुर्बीण स्थिर करून तिथून मोजून ठेवलेल्या अंतराइतकी ती सरकवतात आणि न दिसणारी वस्तू वर्णपटमापीच्या फटीत आली आहे असे धरून चालतात. ही फट साधारण एक विकला (अंशाचा ३,६०० वा भाग) रुंदीची असते. वातावरण निळा आणि लाल प्रकाश थोडा वेगवेगळा वाकवत असल्याने दीर्घिका क्षितिजाकडे कललेली असेल तेव्हा फट क्षितिजाला लंब ठेवावी लागते. नाहीतर निळा प्रकाश फटीबाहेर सांडतो आणि रेषांच्या तेजाची गुणोत्तरे खोटी निघतात. या खबरदारीचा उल्लेख निरीक्षणाच्या नोंदीत नसेल तर त्या वर्णपटातल्या निळ्या टोकाच्या आकड्यांवर मी फारसा विसंबत नाही.

उत्तम वेधस्थळीही अमावास्येचे आकाश काळे नसते. तिथे एक चौरस विकला आकाशाचे तेज सुमारे बावीस प्रतीचे असते, म्हणजे तेवढ्याच तुकड्यात बसलेली चोवीस प्रतीची दीर्घिका आकाशाच्या प्रकाशाच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याइतकी. (नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या गच्चीवरून हल्ली आकाशगंगेचा पट्टाही दिसत नाही, त्यामुळे घरच्या दुर्बिणीची तुलना इथे करण्यात अर्थ नाही.) म्हणून एकेक चित्र वीस मिनिटे ते अर्धा तास घेऊन, दोन चित्रांमध्ये दीर्घिका फटीच्या लांबीत वर-खाली सरकवून, आकाशाचा प्रकाश वजा करतात. वैश्विक किरणांनी सीसीडीवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर, पाडलेले ठिपके काढून टाकतात, वायूच्या दिव्याच्या माहीत असलेल्या रेषांवरून तरंगलांबीची मोजपट्टी बसवतात आणि एखाद्या प्रमाण ताऱ्याच्या निरीक्षणावरून तेजाची.

विद्यार्थ्यांची खरी शाळा या वजाबाकीत होते. वातावरणातला ऑक्सिजन ५५७.७ नॅनोमीटरला स्वतःच प्रकाशतो आणि सातशे नॅनोमीटरच्या पुढे हायड्रॉक्सिल रेणूंच्या रेषांचे रानच माजलेले असते. वजाबाकी किंचित चुकली की त्या जागी रेषेसारखा दिसणारा खोटा उंचवटा उरतो. सिन्नरहून येणारी माझी एक विद्यार्थिनी असा उंचवटा दाखवून मला विचारते, ‘सर, ही रेष खरी धरायची का?’ तेव्हा माझे उत्तर ठरलेले असते: ‘अगं, आधी आकाशाचा वर्णपट शेजारी उघड आणि त्याच जागी तिथे काय आहे ते बघ.’ खरी रेष दोन्ही बाजूंच्या चित्रांत, दीर्घिका जिथे सरकवली तिथेच दिसते, शिवाय तिची रुंदी उपकरणाच्या मर्यादेपेक्षा कमी नसते. याउलट एखादी खरी रेष आकाशाच्या रेषेखाली गाडली जाते. यजमान दीर्घिकेची ताम्रसृती ०.४९६ असेल तर ऑक्सिजनची ३७२.७ ची रेष नेमकी ५५७.७ च्या मगरमिठीत सापडते आणि मग तिच्याबद्दल काही बोलता येत नाही. वातावरणातला ऑक्सिजन ७६० च्या आसपास जो मोठा पट्टा खाऊन टाकतो, त्यात ताम्रसृती ०.१५८ असलेल्या दीर्घिकेची एच-अल्फा, म्हणजे हायड्रोजनची मूळची ६५६.३ नॅनोमीटरची, रेष बुडते. विश्वाला या योगायोगांशी काही देणेघेणे नाही. सोसावे लागते ते निरीक्षकाला.

आता समजा, एवढे करून वर्णपटात एकच खात्रीची रेष मिळाली आणि ती ७४५.४ नॅनोमीटरला आहे. ती हायड्रोजनची एच-अल्फा (६५६.३) असेल तर ताम्रसृती ०.१३६ आणि प्रकाश निघून सुमारे पावणेदोन अब्ज वर्षे झाली. दोनदा आयनीभूत, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या, ऑक्सिजनची (५००.७) असेल तर ताम्रसृती ०.४८९ आणि काळ सुमारे पाच अब्ज वर्षे. एकदा आयनीभूत ऑक्सिजनची (३७२.७) असेल तर ताम्रसृती बरोबर १ आणि काळ जवळजवळ आठ अब्ज वर्षे. लायमन-अल्फा असेल तर ताम्रसृती ५.१३ आणि काळ साडेबारा अब्जांहून अधिक. रेष तीच, तिची जागा मोजण्यातली अचूकता हजारात एक भागाहून चांगली, आणि तरी उत्तरे चार. पहिले उत्तर धरले तर स्फोटाची ऊर्जा जेवढी येते त्याच्या सुमारे साठपट ती तिसरे धरल्यास येते. सिंहस्थात रामकुंडावर हरवलेल्या आजोबांची ओळख ‘पांढरे धोतर’ एवढीच सांगितली तर पोलिसांनी काय करावे? धोतराबरोबर काठी, चष्मा आणि तोंडी असलेले गावाचे नाव सांगितले तर शोध लागतो. रेषांचेही तसेच आहे. एच-अल्फाच्या शेजारी ६५८.३ ला नायट्रोजनची रेष असण्याची शक्यता असते, ५००.७ च्या जोडीला ४९५.९ ची रेष असायलाच हवी आणि तिचे तेज जवळजवळ नेमके एक तृतीयांश असायला हवे, कारण ते गुणोत्तर अणूच्या रचनेनेच ठरलेले आहे. ३७२.७ ची रेष मुळात ३७२.६ आणि ३७२.९ अशी जुळी आहे. ताम्रसृती १ ला या जुळ्यांत अर्धा नॅनोमीटरच्या थोडे वर अंतर पडते आणि उपकरणाची विभेदनक्षमता (जवळच्या तरंगलांबी सुट्या दाखवण्याची ताकद) दोन हजारांच्या वर असेल तर ती सुटी दिसतात. लायमन-अल्फाच्या निळ्या बाजूला दीर्घिकेचा प्रकाश एकदम कोसळतो आणि रेष स्वतः एका बाजूने कापल्यासारखी दिसते. यांपैकी एकही खूण नसेल तर प्रामाणिक निबंधात ताम्रसृतीपुढे प्रश्नचिन्ह असते. बातमीत पोहोचेपर्यंत ते गळते.

रेषा बिनचूक असूनही दीर्घिकाच चुकीची असू शकते, हे जीआरबी ०२०८१९बी ने दाखवले. ऑगस्ट २००२ मधल्या या स्फोटाचा दृश्य प्रकाशातला आफ्टरग्लो मिळाला नव्हता, फक्त रेडिओ लहरींतला मिळाला होता, आणि त्याची जागा ०.४१ ताम्रसृतीच्या एका देखण्या सर्पिल दीर्घिकेच्या कडेला, तिच्या केंद्रापासून सुमारे तीन विकलांवर, एका अंधुक डागावर पडत होती. सर्पिल दीर्घिकेचा वर्णपट स्वच्छ होता आणि त्यातून तिच्यात जड मूलद्रव्यांचे प्रमाण भरपूर असल्याचे निघाले. दीर्घ गॅमा किरण स्फोट जड मूलद्रव्ये कमी असलेल्या ठिकाणीच होतात या समजुतीला तो ठळक अपवाद मानला गेला. पुढे चिलीतील अल्मा या रेडिओ दुर्बिणींनी स्फोटाच्या जागी रेणुवायू दिसत नाही असे नोंदवले, आणि त्यावरूनही स्फोटांच्या परिसराबद्दल निष्कर्ष निघाले. २०१७ मध्ये डॅनियल पर्ली आणि सहकाऱ्यांनी युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या व्हीएलटी दुर्बिणीवरील म्यूज आणि एक्स-शूटर या उपकरणांतून त्या डागाचाच वर्णपट घेतला, तेव्हा तो डाग सर्पिल दीर्घिकेचा भाग नव्हताच: ती १.९६२ ताम्रसृतीची, धुळीने भरलेली, वेगाने तारे घडवणारी एक स्वतंत्र आणि कितीतरी दूरची दीर्घिका होती. रेणुवायू ‘दिसत नाही’ याचे कारणही मिळाले. चुकीच्या ताम्रसृतीनुसार चुकीच्या वारंवारतेवर त्याचा शोध घेतला गेला होता.

ही चूक पंधरा वर्षे का टिकली? ताम्रसृती १.४ ते २.५ च्या पट्ट्याला निरीक्षक उगीच वाळवंट म्हणत नाहीत. ताम्रसृती १.९६२ ला ऑक्सिजनची ३७२.७ ची रेष १,१०४ नॅनोमीटरला जाते आणि एच-अल्फा १,९४४ ला, म्हणजे नेहमीच्या सीसीडीच्या दृष्टीआड. एक्स-शूटर हे उपकरण २००९ पासून तीन वेगवेगळ्या शाखांत मिळून ३०० पासून जवळजवळ २,५०० नॅनोमीटरपर्यंतचा पट्टा एकाच वेळी टिपते आणि यजमान दीर्घिकांच्या अभ्यासात त्याने जो फरक पाडला तो एखाद्या मोठ्या आरशाने पडला नसता असे माझे मत आहे. २०१५ मध्ये थॉमस क्र्यूलर आणि सहकाऱ्यांनी त्यातून ०.१ ते ३.६ ताम्रसृतीच्या ९६ यजमान दीर्घिकांच्या उत्सर्जन रेषा एकत्र प्रसिद्ध केल्या. तोपर्यंतचे बहुतेक निष्कर्ष मूठभर जवळच्या दीर्घिकांवर बेतलेले होते.

रेषा अनेक असल्या की अंतरापलीकडचेही बरेच कळते. धूळ नसेल तर एच-अल्फा आणि हायड्रोजनचीच, पण अधिक निळी एच-बीटा यांच्या तेजाचे गुणोत्तर साधारण २.८६ असते, ते जितके वाढलेले दिसेल तितकी धूळ जास्त, कारण धूळ निळा प्रकाश अधिक अडवते. धुळीचा हिशेब केल्यावर एच-अल्फाच्या तेजावरून दीर्घिकेत वर्षाला किती सूर्यांइतके नवे तारे घडत आहेत याचा अंदाज येतो, कारण ही रेष चेतवणारे तप्त, वजनदार तारे काही दशलक्ष वर्षेच जगतात. ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्या रेषांच्या गुणोत्तरांवरून जड मूलद्रव्यांचे प्रमाण निघते. मात्र वेगवेगळ्या गुणोत्तरांच्या पट्ट्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि एकाच दीर्घिकेला दोन पद्धतींनी दुपटीचा फरक येऊ शकतो, म्हणून दोन निबंधांतले आकडे पद्धत न बघता शेजारी मांडणे धोक्याचे. या प्रमाणाला एवढे महत्त्व आहे याचे कारण भौतिकीत आहे. दीर्घ स्फोट हे वेगाने फिरणाऱ्या वजनदार ताऱ्याचा गाभा कोसळून कृष्णविवर बनताना होतात, असे स्टॅन वूस्ली यांचे प्रारूप सांगते. ताऱ्यात लोहासारखी जड मूलद्रव्ये जास्त असतील तर त्याचे वारे जोरकस असतात आणि ते ताऱ्याचे वस्तुमान व फिरकी दोन्ही घेऊन जातात, म्हणून कमी धातुतेची, म्हणजे जड मूलद्रव्ये कमी असलेली, ठिकाणे अनुकूल. हबल दुर्बिणीच्या प्रतिमांवरून अँड्र्यू फ्रुक्टर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की दीर्घ स्फोट लहान, वेड्यावाकड्या आकाराच्या दीर्घिकांत आणि त्यांच्याही सर्वांत तेजस्वी भागात होतात, तर गाभा कोसळून होणारे साधे अधिनवतारे दीर्घिकेच्या प्रकाशाप्रमाणे पसरलेले असतात. वर्णपट नसता तर ही सगळी आकारांची गोष्टच राहिली असती.

दोन सेकंदांहून लहान स्फोटांच्या यजमान दीर्घिका अगदी निराळ्या निघाल्या. २००५ मध्ये स्विफ्ट उपग्रहाने टिपलेल्या जीआरबी ०५०५०९बी ची जागा ०.२२५ ताम्रसृतीच्या एका मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकेजवळ पडली, जिच्यात तारे घडणे कधीच थांबले होते. जिथे तरुण तारेच नाहीत तिथला स्फोट तरुण ताऱ्याचा कसा असेल? न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे मेलेल्या वजनदार ताऱ्यांच्या अतिघन अवशेषांच्या, टकरीची कल्पना त्यामुळे बळावली आणि १७ ऑगस्ट २०१७ रोजी एनजीसी ४९९३ या सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेतील स्फोटाबरोबर गुरुत्वीय लहरीही आल्यावर ती पक्की झाली. मग डिसेंबर २०२१ चा जीआरबी २११२११ए आला आणि त्याने ही सोयीची विभागणी बिघडवली. स्फोट जवळजवळ एक मिनिट चालला, म्हणजे दीर्घ, पण मागे अधिनवतारा न दिसता अशा टकरीतून होणारा, अधिनवताऱ्याहून मंद उजाळा, म्हणजे किलोनोव्हा, दिसला. या निरीक्षणांत नैनितालजवळच्या देवस्थळ येथील ३.६ मीटर दुर्बिणीचाही वाटा होता. किलोनोव्हाचे मंद तेज ओळखता आले ते दीर्घिकेची ताम्रसृती ०.०७६, म्हणजे अंतर सुमारे १.१ अब्ज प्रकाशवर्षे, माहीत होती म्हणून. तेच तेज दहापट अंतरावर धरले असते तर तो साधा अधिनवतारा ठरला असता.

पुण्याला जाताना आळेफाटा ओलांडला की माझे लक्ष नारायणगावच्या बाजूच्या शेतांतून डोकावणाऱ्या तबकड्यांकडे जाते. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत आणि यजमान दीर्घिकांच्या वर्णपटाच्या इतिहासात त्यांना हक्काचे पान आहे. एप्रिल १९९८ मधल्या जीआरबी ९८०४२५ ची यजमान दीर्घिका ईएसओ १८४-जी८२ ही सुमारे बारा कोटी प्रकाशवर्षांवरची, म्हणजे या जातीत अगदी शेजारची. ती इतकी दक्षिणेला आहे की नाशिकच्या आकाशात दक्षिण क्षितिजापासून जेमतेम सतरा अंश वर चढते, आणि तेवढ्याच चढाईत जीएमआरटीने तिचा हायड्रोजन वायू टिपला. अणुरूप हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेष मुळात १,४२०.४ मेगाहर्ट्झची, या दीर्घिकेच्या ०.००८५ ताम्रसृतीमुळे ती १,४०८ च्या आसपास येते. मरियम अरबसलमानी आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा हा निबंध म्हणजे गॅमा किरण स्फोटाच्या यजमान दीर्घिकेतून २१ सेंटिमीटरची रेष मिळाल्याची पहिलीच नोंद. वायूची मांडणी आणि गती विस्कटलेली निघाली, त्यावरून ही दीर्घिका नुकतीच दुसरीशी धडकली असावी असे लेखकांनी म्हटले. दृश्य प्रकाशातल्या वर्णपटाला चेतवलेला वायू दिसतो; ज्या थंड वायूतून तारे घडायचे आहेत तो दिसायला रेडिओच हवा. हे काम या रस्त्यावर झाले, आणि त्याबद्दल नाशिक-पुण्याच्या वर्गांत फारसे बोलले जात नाही याचे मला वाईट वाटते.

दृश्य प्रकाशात आपली बाजू थोडी तोकडी आहे. लडाखमधल्या हानले येथील हिमालयन चंद्र दुर्बीण आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची गिरवली वेधशाळा, दोन्हींचे आरसे दोन मीटरचे. उजळ आफ्टरग्लो टिपायला ते उत्तम आहेत, पण चोवीस प्रतीच्या दीर्घिकेचा वर्णपट त्यांच्या आवाक्याबाहेरचा, त्याला आठ-दहा मीटरचा आरसा लागतो. म्हणून आमच्यासारख्यांचा मार्ग संग्रहांचा. युरोपीय दक्षिण वेधशाळेची निरीक्षणे साधारण वर्षभर निरीक्षकांसाठी राखीव असतात, नंतर कोणालाही उतरवून घेता येतात, आणि पावसाळ्यात नाशिकचे आकाश तीन-चार महिने बंद असते तेव्हा हा उद्योग विशेष जमतो.

९ ऑक्टोबर २०२२ चा जीआरबी २२१००९ए आजवर नोंदलेला सर्वांत तेजस्वी स्फोट. भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहानेही तो टिपला. त्याची ०.१५१ ही ताम्रसृती एक्स-शूटरनेच दिली, पण त्याची दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या धुळीच्या पट्ट्याआड असल्याने पृथ्वीवरून तिचा अभ्यास अवघड होता, आणि तिची एच-अल्फा ७५५ नॅनोमीटरला, वातावरणाने खाल्लेल्या पट्ट्याच्या अगदी उंबरठ्यावर येते. अंतराळातल्या जेम्स वेब दुर्बिणीला या दोन्ही अडचणी कमी जाणवल्या. तिच्या अवरक्त वर्णपटात अधिनवताऱ्याच्या खुणा मिळाल्या आणि यजमान दीर्घिकेत जड मूलद्रव्ये सूर्याच्या तुलनेत फारच कमी असल्याचे निघाले.

मार्च २०२५ मध्ये फ्रान्स आणि चीनच्या एसव्हीओएम उपग्रहाने टिपलेल्या जीआरबी २५०३१४ए ची ताम्रसृती एक्स-शूटरने सुमारे ७.३ अशी काढली. तेव्हा विश्वाचे वय एक अब्ज वर्षांच्याही आत होते. साडेतीन महिन्यांनी जेम्स वेब दुर्बिणीने तिथे पाहिले तेव्हा अधिनवताऱ्याशी जुळणारा प्रकाश मिळाला, पण तो आणि त्यामागची लहानशी दीर्घिका त्या प्रतिमांत एकाच ठिपक्यात मिसळलेली आहेत. त्या ठिपक्यातला किती प्रकाश ताऱ्याचा आणि किती दीर्घिकेचा, हे अधिनवतारा पुरता मावळल्यावर तीच जागा पुन्हा पाहिल्याशिवाय सुटे करता येणार नाही.